रुपयाभार

सराफ बाजाराची कुलपं निघायच्या आत
मी गल्ली झाडून घेते.
कुंचा, पत्र्याचा डबा, कमरेला घमेलं.
पेढ्यांच्या पायऱ्यांखालच्या फटी
मोडक्या छत्रीच्या काडीनं उकरते
आणि धूळ घरी नेते.
झारेकरीण म्हणतात.

सोन्याचा कण घमेल्यात लगेच डोळा मारतो.
चांदी नाही. ती राखेच्या रंगाची होऊन गप्प बसते.
तिला तेजाबात पार विरघळवावं लागतं,
पाण्यासारखी दिसेनाशी झाली
की तांब्याचा तुकडा सोडायचा.
मग ती येते, करडा गाळ होऊन,
रुसून गेलेली माणसं परत येतात तशी,
मान वर न करता.

माझा दीर निंबाजी नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
बत्तीस वर्षं कोरे कागद मोजून देई,
छापलेले मोजून घेई.
संध्याकाळी फाटकावर अंग चाचपून सोडत,
डब्यातली उरलेली भाकरीसुद्धा उलटून बघत.
मला कोण चाचपणार?
मी अख्ख्या बाजाराची चांदी घमेल्यात घेऊन
रविवार कारंजावरून चालत जाते.
रिक्षावाला म्हणतो, मावशी, बाजूला.

निंबाजी हसायचा,
वहिनी, तुमचा सगळा महिना माझ्या दोन-चार कागदांत मावतो.
मावायचा, खरंच.
मग एका रात्री आठ वाजता टीव्हीवर सांगितलं
की त्यातले काही कागद आता नुसते कागद.
तो ताटावरून उठला नाही, जेवलाही नाही.
हे मी मोजलेत, एवढंच म्हणत राहिला.

सोनं गळ्यात मिरवतं.
चांदीला जागा कमरेखाली.
माझे वाळे धाकट्याच्या काविळीत गेले,
साखळ्या त्याच्या आयटीआयच्या फीत.
सोनं विकलं की आळी विचारते.
चांदी गेली तर फक्त पावलांना कळतं,
दोन-चार दिवस हलकी पडतात.

गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागली
त्या साली पाणी बाजारात शिरलं.
ओसरल्यावर गाळात मला एक रुपया मिळाला,
जाड, ओबडधोबड, चांदवडचा,
कडेला छिन्नीचा घाव.
कुणीतरी कधीतरी शंका घेतली होती,
आत तांबं तर नाही?
नव्हतं.

त्र्यंबकशेठ विसपुत्यांनी तो फरशीवर टाकला.
दुकानातली चारही माणसं बोलायची थांबली.
मग तागडीत घातला. तोळ्याला दोन गुंजा कमी.
पूर्वी, ते म्हणाले, रुपया हेच वजन.
माझ्या बापानं केशर रुपयाभार घेतलेलं मला आठवतं.
पैसा तोलून घ्यायचा, पैशानंच तोलायचं.
रुपं म्हणजे चांदी गं.
आता नावात राहिलीय नुसती.

त्यांनीच सांगितलं जोगलटेंभीचं.
शंभरावर वर्षं झाली, मातीतून चांदीची नाणी निघाली, हजारांनी.
एका राजाच्या तोंडावर दुसऱ्यानं ठोकलेला छाप,
हरलेल्याच्या नाकावर जिंकलेल्याचा डोंगर.
वितळवायलाही थांबला नाही,
म्हणजे घाई असणार.
किंवा ठाऊक असणार, की खाली चांदी तीच.

परवा शेठ म्हणाले, काढ तो रुपया,
भाव कुठल्या कुठे गेलाय.
पोरं मोबाइलवर चांदी घेतात आता,
न बघता, न वाजवता.
मी म्हटलं, बघते.
बघायचं काही नव्हतं.
तो माझ्या तागडीत असतो, डाव्या पारड्यात,
उजवीकडे महिन्याची चांदी.
या महिन्यात मासाभर कमी पडली.

निंबाजी येतो कधीकधी, रिटायर झालेला.
रुपया मागून घेतो, तळहातावर ठेवतो.
एकच आहे. मोजायला काही नाही.
तरी आधी
अंगठा जिभेला लावतो.